धाकटीची पानं

धाकटीचं वय सत्तरीच्या पुढे गेलं होतं, आणि तिला धाकटी म्हणावं असं थोरलं माणूस घरात कुणी उरलं नव्हतं, तरी ती धाकटीच राहिली. याला कारण तिची बहीण. बहीण कादंबरीकार, तीही साधीसुधी नव्हे, शाळेच्या पुस्तकात धडा असलेली. एका कादंबरीच्या प्रस्तावनेत तिनं शेवटी लिहिलं होतं, 'हे सारे कागदावर उतरवणाऱ्या माझ्या धाकटीचे आभार मानले तर तिला राग येईल, म्हणून मानत नाही.' आभार टाळण्याची ही पद्धत वाचकांना फार हृद्य वाटली. धाकटीला खरं म्हणजे राग आला नसता. पण ते वाक्यही तिनंच उतरवून घेतलं होतं, आणि उतरवून घेताना मध्ये बोलायचं नाही ही तिची सवय.

सवय कोर्टातली. धाकटी कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदार बोलायचा, वकील बोलायचा, दोघं एकदम बोलायचे, आणि धाकटीची पेन्सिल मान खाली घालून सगळं टिपत जायची. तिचा एकच बाणा होता: पदरचा शब्द घालायचा नाही. साक्षीदारानं वाक्य अर्धवट सोडलं तर ते अर्धवटच राहणार. ते पुरं करायला वकील होते, आणि त्यासाठी ते भरपूर फी घेत.

संध्याकाळी घरी आली की दुसरी पाळी. नवरा गेल्यावर थोरली तिच्या दोन खोल्यांत राहायला आली, ती हातांना कंप घेऊनच. पेन धरवेना. मग शेवटच्या तीन कादंबऱ्या तिनं आरामखुर्चीत पडून तोंडी सांगितल्या. धाकटी समोर स्टुलावर. औषधांमुळे थोरलीला गुंगी यायची. "तो जिन्याशी पोचला, आणि मागे वळून" एवढं म्हणून तिचा डोळा लागायचा. नायक जिन्याशी, मान अर्धी वळलेली, आणि कादंबरीकार घोरतेय. कोर्टात न्यायाधीशांचा डोळा लागलेला धाकटीनं पुष्कळदा पाहिला होता, पण साक्षीदाराचा कधी लागला नव्हता. अशा वेळी काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आधी आधी ती नुसती बसून राही. मग एकदा, त्या माणसाची मान दुखेल म्हणून की काय, तिनं वाक्य पुरं केलं. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. थोरलीनं ऐकलं आणि म्हणाली, "हं. पुढे." बस. मग कधी एक वाक्य, कधी परिच्छेद, कधी त्याहून जास्त. दर वेळी वाचून दाखवायचं आणि दर वेळी तेच: "हं. पुढे." थोरलीला कळत होतं की नव्हतं, हे थोरली स्वतःबरोबर घेऊन गेली.

कुठे काय घातलं याची खूण धाकटीनं ठेवली नव्हती. ठेवली असती तर तो पुरावा झाला असता. आणि आता बहिणीला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तिचं तिलाच आठवेना. ती पुस्तक उघडायची. एखादं पान वाचताना वाटायचं, हे माझं. लगेच कानात थोरलीचा आवाज यायचा, तेच वाक्य सावकाश सांगणारा. मग वाटायचं, हा आवाज खरा की आत्ता आपणच काढला? पुस्तक मिटायचं, उठायचं, नसती भांडी घासायची, पुन्हा उघडायचं. आपण जन्मभर लेखक होतो की नुसता हात, एवढा एकच प्रश्न होता. पण त्याला माहीतगार साक्षीदार एकच होता, तो म्हणजे ती स्वतः. आणि हा साक्षीदार भरवशाचा नाही, असा शेरा कोर्टाच्या अनुभवावरून तिनं कधीच मारून टाकला होता.

*

पुढचं सगळं सुरू झालं ते दातांमुळे. थोरलीचा एकुलता एक मुलगा, म्हणजे धाकटीचा भाचा, दातांचा डॉक्टर. आईच्या पुस्तकांचे हक्क त्याच्याकडे. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आईचा मोठा फोटो, जो बऱ्याच पेशंटना आधीच्या डॉक्टरीणबाईंचा वाटे. त्या दिवशी धाकटी खुर्चीत आडवी, तोंडात कापूस, वर दिवा, आणि भाचा एका दाढेत कोरकाम करतोय, तेवढ्यात विद्यापीठातून एक मुलगी आली. वेळ आधी ठरलेली होती. भाच्यानं ती विसरून मावशीला बोलावून घेतलं होतं.

"बसा, बोला," भाचा म्हणाला. "मावशीची अडचण नाही. तिला तोंड उघडता येणार नाहीये."

मुलीचं काम असं होतं. कुणा समीक्षकानं लिहिलं होतं, की थोरलीच्या शेवटच्या तीन कादंबऱ्या तिच्या नव्हेतच. भाषाच वेगळी आहे. नवऱ्यानं मागे ठेवलेले कच्चे खर्डे असावेत, नाहीतर घरी येणाऱ्या एका कवीनं मदत केली असावी. भाच्याचं डोकं भडकलं होतं. समग्र आवृत्ती छापायला निघालेली, आणि हा वाद. मुलीकडे याचा निकाल लावणारं सॉफ्टवेअर होतं.

"ते काय, आईचे विषय ओळखतं? तिची माणसं?"

"नाही. मोठं काहीच बघत नाही. बघतं ते आणि, पण, मग, तर, तरी, असले शब्द. कोण किती वापरतं, कशाच्या मागेपुढे वापरतं. ते कुणी ठरवून वापरत नाही ना. चालण्याची ढब जशी आपली आपल्याला दिसत नाही, तसं."

"म्हणजे कादंबरीतून कादंबरी बाजूला काढायची आणि उरलेला भुसा मोजायचा."

"साधारण नव्वद टक्के बरोबर," मुलगी म्हणाली. टक्क्यांशिवाय तिचं वाक्य संपत नसे. धाकटीनं आडव्या आडव्याच तिचं नाव टक्केवारी ठेवून टाकलं.

"संशयित कोण कोण मग?"

"तिघं. तुमच्या आई स्वतः, तुमचे वडील आणि ते कवी. तिघांचंही दुसरं लिखाण मिळालंय."

"आं!" खुर्चीतून आवाज आला. "आं आं!"

"हलू नकोस, मावशी. दुखतंय?"

"आंऽऽ!"

"झालंच. जरा सोस."

कापूस निघाला, चूळ भरून झाली, आणि धाकटीनं पहिलं वाक्य काढलं ते असं: "आणि मी?"

"तू काय?"

"मी कुठाय त्या तिघांत?"

भाचा हसला. "अगं, तू लिहून घ्यायचीस."

"घरात येऊन चहा पिणारा कवी संशयित, आणि कागदाला हात लावणारी ती निर्दोष? कुठलं कोर्ट हे?" धाकटी उठून बसली. मग, जे तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, ते छातीवरचं प्लास्टिकचं लाळेरं न सोडताच सांगून टाकलं. थोरलीचा डोळा कसा लागायचा. अर्धी वाक्यं. हं, पुढे.

भाचा हातातली सुई तशीच धरून उभा राहिला. "किती, मावशी? किती लिहिलंस?"

"तेच तर विचारतेय. मला ठाऊक असतं तर हिच्या मशीनची गरज काय?"

टक्केवारीचे डोळे लकाकले होते. तिनं वही काढली, चौथा आकडा घातला आणि विचारलं, "मावशी, तुमचं स्वतःचं लिखाण काय आहे? जुळवून बघायला नमुना लागेल."

धाकटी लाळेऱ्याची गाठ सोडू लागली. कोर्टात तिनं लिहिलेल्या कागदांनी खोल्या भरल्या असतील. पण त्यात एक शब्दही तिचा नव्हता, आणि याचाच तिला अभिमान होता.

*

"मग काहीतरी लिहा ना," टक्केवारी म्हणाली होती. "काहीही. मनातलं."

धाकटीनं घरी येऊन टेबल पुसलं, कागद घेतले, आणि मनात काही आहे का ते बघायला लागली. पहिलं वाक्य छान आलं. दुसरंही. वाचून बघितलं तर दोन्ही थोरलीची. फाडलं. तिसरं मुद्दाम वाकडं लिहिलं. ते थोरलीनं मुद्दाम वाकडं लिहिलेलं वाटलं. ती उठली, खिडकीच्या काचा पुसल्या, बसली. उठली, बटाटे सोलले. एकटीच्या जेवणाला लागतील त्याच्या चौपट सोलले. बसली. असं आठवडाभर चाललं. खालच्या मजल्यावरच्या बाईनं विचारलंही, की वर कुणी पाहुणे आहेत का, सारखं कुणीतरी चालतंय.

टक्केवारीला हे कळवलं तर ती म्हणाली, "ठरवून लिहिलेलं तसंही चालत नाही. सहज लिहिलेलं हवं. कामाचं. कुणी वाचेल असं न वाटता लिहिलेलं."

यावर धाकटीला इमारतीच्या अध्यक्षांची आठवण झाली. अध्यक्ष विम्याच्या कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. कागद म्हणून काही फेकायचा नाही हे त्यांचं धोरण. धाकटी इमारतीच्या समितीची सचिव, कधीपासून ते तिलाही आठवत नसे, कारण त्या पदाला दुसरं कुणी उभंच राहत नसे. खालच्या फलकावर लागणारी प्रत्येक नोटीस तिच्या सहीची. आणि फलकावरून उतरलेली प्रत्येक नोटीस अध्यक्षांच्या फायलीत. शिवाय दर वर्षाचा अहवाल.

"घेऊन जा, बाई," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी पाच जाडजूड फायली काढून दिल्या. "पण झेरॉक्स काढून परत. आणि खरं सांगू, जुन्या जास्त बघा. हल्लीच्या तुमच्या नोटिसांत ती मजा नाही राहिली. पूर्वी माणसं नोटीस वाचायला लिफ्ट सोडून जिन्यानं यायची."

"वय झालं आता," धाकटी म्हणाली.

फायली तिनं स्वतः विद्यापीठात नेऊन दिल्या. सही माझी, पद माझं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्या मी. याहून अस्सल नमुना कुठला?

*

निकाल यायला वेळ लागला. तेवढ्यात धाकटीनं घरातले सगळे दिवे बदलले, त्यात चालू असलेलेही होते. फोन वाजला की दोन्ही खोल्यांत तो शोधायची, आणि तो हातातच असायचा.

शेवटी टक्केवारीनं फोनवर न सांगता दवाखान्यातच दोघांना बोलावलं. चेहरा उजळलेला. "तिन्ही कादंबऱ्या," ती म्हणाली, "तुमच्या नोटिसांशी जुळतात, मावशी. डॉक्टरांच्या वडिलांशी नाही. कवींशी तर नाहीच. आणि आईंच्या आधीच्या कादंबऱ्यांशीसुद्धा तितक्या नाही. एखादं वाक्य नव्हे, परिच्छेद नव्हे. जवळजवळ सगळं."

बाहेरच्या खोलीत कुणी पेशंट कण्हत होता. भाचा त्याच्याकडे गेला नाही.

"सगळं?" धाकटी म्हणाली.

"पंच्याण्णव टक्क्यांच्या वर."

भाच्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले. तो चांगला माणूस होता. चांगुलपणा त्याला जरा वेळानं सुचायचा, एवढंच. संध्याकाळी तो धाकटीच्या घरी आला. आरामखुर्चीकडे बघितलं, तीत बसला नाही, स्टुलावर बसला. स्वतःचीच दाढ भूल न देता काढल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "मावशी, नाव तुझं घालू. तिन्ही पुस्तकांवर. मी प्रकाशकांना सांगतो. आई असती तर... आई असती तर काय म्हणाली असती मला माहीत नाही."

"घाई कशाला."

"घाई नाही. खरं ते खरं."

तो गेला आणि धाकटीला बसवेना. आनंद असा असतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, रक्तदाब वाढला. ती जिना उतरून खाली गेली, चढून वर आली. समोर भेटेल त्याला 'बरंय ना?' विचारलं. म्हणजे ते सगळं आपलं. लोक रडले होते ती प्रकरणं. शाळेतला धडा. आणि आपल्याला आठवतंय ते एखाददुसरं वाक्य! माणूस इतकं विसरू शकतो? कोर्टात एका आरोपीनं असं सांगितलं होतं, की मी केलं असेन, पण मला आठवत नाही. तेव्हा ती मनात म्हणाली होती, लबाड.

टक्केवारीनं छापील कागद दिले होते. नमुन्यातली सगळ्यात बोलकी वाक्यं, म्हणजे ज्यांवरून मशीननं धाकटीला ओळखलं ती. दोन दिवस धाकटीनं त्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसून वाचायला घेतले.

'जिना हा चढण्यासाठी असतो, आणि उतरण्यासाठीही असतो; पण तिथे संसार थाटण्याची मुभा आजवर कोणत्याही इमारतीने दिल्याचे ऐकिवात नाही. तिसऱ्या मजल्यावरील कपाटाच्या मालकांनी नोंद घ्यावी.'

'पाण्याच्या टाकीत एक बूट सापडला आहे. तो ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा; आणि तो तिथवर कसा पोचला हे सांगण्याचे धैर्य असेल, तर मग चहाही घेऊन जावा.'

धाकटी हसली. आणि हसता हसता थांबली. कारण बुटावर आधी दुसरंच कुणीतरी हसलं होतं. खोकत, आरामखुर्चीचे हात बडवत. "लिही, लिही! चहाही घेऊन जावा!"

थोरलीला दुपारी कंटाळा यायचा. कादंबरी संध्याकाळची; दुपार रिकामी. सुट्टीच्या दिवशी धाकटी घरी असली की ती म्हणायची, "धाकटे, आज कुणाला झापायचंय? आण कागद." धाकटी तक्रार सांगायची, थोरली नोटीस सांगायची, धाकटी सही करून खाली टाचायची. अहवालसुद्धा. सही करणाऱ्याची नोटीस असते, हे इतकं उघड होतं की शब्द कुणाचे हा प्रश्न कधी निघालाच नव्हता. कोर्टात निकालपत्र टाइप केलं म्हणून ते तिचं झालं नव्हतं; इमारतीत टाचणी लावली म्हणून नोटीस मात्र तिची झाली होती.

म्हणजे मशीननं थोरलीला थोरलीशी जुळवलं होतं, आणि मिळालेल्या मालाला धाकटीचं नाव लागलं होतं.

ती उठली. बसली. कुणाला ठाऊक होतं हे? कुणालाच नाही. बूट ज्याचा होता तो घर विकून गेलेला. अध्यक्षांना वाटतं नोटिसा हिच्याच. भाच्यानं प्रकाशकांना सांगितलंही असेल. नुसतं गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसण्याचं तर तिला आयुष्यभराचं शिक्षण होतं.

तिनं छत्री घेतली, जी घ्यायचं काही कारण नव्हतं, आणि विद्यापीठाची बस पकडली.

*

टक्केवारीची खोली म्हणजे एका मोठ्या खोलीत कपाटं उभी करून पाडलेला कोपरा. टेबलावर दोन पडदे, मधे अर्धं खाल्लेलं सँडविच. धाकटीनं उभ्यानंच सगळं सांगितलं. टक्केवारी ऐकता ऐकता खुर्चीत खाली खाली सरकत गेली.

"मावशी, माझा निबंध गेलाय हो परिषदेला."

"परत मागव."

"पण मग आईंच्या आधीच्या कादंबऱ्यांशी का नाही जुळलं? त्याही त्यांच्याच ना?"

"त्या तिनं हातानं लिहिल्या. रात्री दार लावून. सात वेळा खोडून. हे तोंडी. खोडायची सोयच नव्हती, माझं उतरवूनसुद्धा झालेलं असायचं."

टक्केवारी सरळ बसली. "लिहिणारी बाई आणि सांगणारी बाई," ती पुटपुटली. "मशीनला त्या दोन वाटल्या. समीक्षकालाही." तिनं सँडविच बाजूला सारलं. "त्या गेल्यानंतरच्या नोटिसा तरी तुमच्या?"

"त्या माझ्याच. कोण सांगणार मला आता?"

"मग त्या वेगळ्या काढते. त्यांनाच तुमचा नमुना धरायचा आणि कादंबऱ्या तुकड्या-तुकड्यानं तपासायच्या. बसा तुम्ही."

"मी उभीच बरी."

त्या कोपऱ्यात येरझारा घालायला जागा नव्हती, म्हणून धाकटी जागच्या जागी पाय बदलत राहिली. पडद्यावर एक आडवी रेघ सरकू लागली. तिसरी कादंबरी, दुसरी, पहिली. बहुतेक सगळीकडे रेघेचा रंग तोच. मधेच एका जागी बदलला, थोडं पुढे जाऊन परत पहिल्यासारखा झाला. मग आणखी एका जागी. मग आणखी.

"तीन ठिकाणं," टक्केवारी म्हणाली. "मिळून आठ-दहा पानं होतील. बाकी सुटी वाक्यं असतील, ती यात नाही दिसायची. आणि मावशी, तुकडे लहान आहेत हं, खात्री..." तिनं पानांचे आकडे पुस्तकाशी जुळवले. एका पानाशी आली आणि तिचा चेहरा पडला.

"काय झालं?"

"काही नाही."

"मी कोर्टात होते. काही नाही म्हणणारा साक्षीदार मला ओळखू येतो."

"ते समीक्षक," टक्केवारी नाइलाजानं म्हणाली. "हा वाद काढण्याआधीच्या त्यांच्या जुन्या लेखात याच पानांचा उल्लेख आहे. म्हणजे, तिन्ही ठिकाणांचा. ते म्हणतात, 'येथे लेखिका थकलेली वाटते.'"

धाकटीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग अशी हसायला लागली की कपाटापलीकडून कुणीतरी डोकावलं.

"थकलेली कसली," ती डोळे पुसत म्हणाली, "झोपली होती ती!"

*

भाच्याला हे कळलं तेव्हा त्याला एकदम हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. लाज वाटली म्हणून तो समग्र आवृत्तीच्या छपाईआधी तपासायच्या प्रती घेऊन मावशीकडे आला. प्रस्तावनेत मावशीबद्दल दोन परिच्छेद घालायचे, ते तिनंच तपासून द्यावेत. तो आला तेव्हा दार उघडंच होतं. प्रती ठेवून तो दवाखान्यात गेला. दुसऱ्या दिवशी प्रती न्यायला आला, तर धाकटी पेन्सिल घेऊन टेबलाशी ओणवी, आणि समोरच्या पानावर इतक्या खाडाखोडी की मूळ छपाई शोधावी लागावी.

"मावशी! अगं, हे आईचं पुस्तक आहे!"

"आईच्या पानांना हात नाही लावला. हे बघ, हे माझं. तीनशे बारापासून चौदापर्यंत. त्या मुलीचं मशीन तसं लिहून देतंय."

"पण ते छापलेलं आहे! इतकी वर्षं लोक वाचताहेत!"

"आणि इतकी वर्षं वाईट वाचताहेत. समीक्षक बरोबर बोलला. काय ही बाई, दवाखान्याच्या बाकावर बसते, डॉक्टरची वाट बघते, तीन पानं नुसती भिंत बघते. का? तर मला पुढे काही सुचत नव्हतं आणि ताई उठेपर्यंत कुणीतरी तिथे बसून राहायला हवं होतं."

भाच्यानं फोन काढून टक्केवारीला लावला आणि आवाज मोठा केला.

"मावशी, बदलू नका हो ती पानं!" टक्केवारी फोनमधून ओरडली. "शक्यता आहे ती नुसती! लहान तुकडे आहेत!"

"शक्यता म्हणजे किती?"

"साठ... पासष्ट टक्के."

"कोर्टात याच्याहून कमीवर माणसं आत गेलीत," धाकटी म्हणाली आणि तिनं आणखी एक ओळ खोडली.

"आधी माझ्यासाठी मूळ प्रत तरी बाजूला ठेवा!"

"तुझी तू ठेव. माझं काम चाललंय."

भाच्यानं फोन बंद केला. चिडायचं की नाही हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो चष्मा काढून खोडलेलं पान वाचू लागला. पहिल्या परिच्छेदात भिंत होती, ती गेली होती. बाई बाकावरून उठली होती. तिनं औषधांच्या खिडकीशी जाऊन तिथल्या माणसाला काहीतरी विचारलं होतं, त्यानं उद्धट उत्तर दिलं होतं, आणि ती चिडून डॉक्टरच्या खोलीकडे वळली होती. तिथे लिखाण संपत होतं. खाली खोडरबराचा चुरा.

"मग?" तो म्हणाला. "आत जाते का ती?"

"माहीत नाही."

"तुला नाही माहीत?"

"माहीत असतं तर तेव्हाच लिहिलं नसतं? तू सरक जरा. तू मधे बसलास की मला चालता येत नाही."

तो बाजूला झाला. धाकटी पेन्सिल हातात घेऊन खिडकीपर्यंत गेली, तिथून दारापर्यंत आली, परत खिडकीपर्यंत गेली. खालच्या मजल्यावरच्या बाईनं काठीनं छत ठोकलं. धाकटीनं लक्ष दिलं नाही.

"आत जाते," मधेच थांबून ती म्हणाली. "पण डॉक्टर तिथे नसतो." आणि लगबगीनं टेबलाकडे वळली.